जावयाच्या तीन पिढ्या

जर्मनीहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, किल्ले पाहिलेत का, नदीतली बोट केलीत का. मी खरं ते सांगते. सहा आठवड्यांत मी तीन दफनभूमी आणि पाच रजिस्टरं पाहिली. किल्ला एक पाहिला, तोही गाडीच्या खिडकीतून, आणि तेव्हा हे मध्ये उभे राहून वरची बॅग काढत होते.

सगळा दोष कुलवृत्तांताचा. ज्यांच्या घरात हा ताप नाही त्यांना सांगायला हवं. एका आडनावाची सगळी माणसं, पार मूळ पुरुषापासून ते परवा बारसं झालेल्या बाळापर्यंत, एका जाडजूड ग्रंथात छापतात. आमच्या कुळाची नवी आवृत्ती निघते आहे. तिच्या समितीत माझे यजमान आहेत आणि समितीच्या डोक्यावर भाऊकाका आहेत. प्रत्येक लेकीच्या पानावर जावयाच्या तीन पिढ्या, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि शेवटी ‘शेरा’ एवढे रकाने. माहिती नसेल तिथे भाऊकाका ‘अज्ञात’ छापतात. आमची मुग्धा एर्लांगेनला असते आणि आमचा जावई लुकास जर्मन आहे.

“माझ्या मुलीच्या पानावर अज्ञात? माझ्या हयातीत नाही!” असं म्हणून ह्यांनी कोरा फॉर्म प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि पासपोर्टच्या वरती ठेवला. खाली पासपोर्ट, वरती फॉर्म. यावरून काय ते समजा.

एर्लांगेन

गोत्राचा प्रश्न विमानातच सुटला होता. गोत्र ठाऊक नसेल त्याला कश्यप लावतात, त्यामुळे लुकास विमान उतरायच्या आत कश्यपगोत्री झाला. कुलदैवत विचारलं तर सात वर्षांची नात मीरा आजोबांना म्हणाली, “फुसबाल!” म्हणजे फुटबॉल. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ह्यांनी ते पेन्सिलीनं लिहून ठेवलं, म्हणे चर्चा करू.

मूळ गाव आणि तीन पिढ्या मात्र लुकासला सांगता येईनात. तो म्हणाला, बाबांना विचारा. म्हणून शनिवारी आमचे व्याही डीटर यांना गाठायचं ठरलं. डीटर शहात्तर वर्षांचे, ताठ, खिशाला रुमाल, हातात कायम थर्मास. मोठ्या कारखान्यात यंत्रं तपासण्यात आयुष्य गेलेलं. हे त्यांना ‘डीटरराव’ म्हणतात, आणि व्याह्यांना ते इतकं आवडलंय की फोनवरसुद्धा ते स्वतःला डीटरराव म्हणवतात.

शनिवारी सकाळी व्याही बायकोच्या थडग्यावर पाणी घालायला जातात. आम्हीही गेलो. तिथल्या फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत, पाण्याच्या झाऱ्या साखळीनं बांधलेल्या असतात, सुपरमार्केटमधल्या ढकलगाडीसारखं नाणं घातलं की सुटतात. मी तोंडाचा आ वासून पाहत होते, तेवढ्यात त्याहून मोठा धक्का बसला. इथे थडगं कायमचं नसतं! वीस-पंचवीस वर्षांनी पत्र येतं, मुदत वाढवायची की नाही? नाही म्हटलं की दगड उचलतात आणि तिथे दुसरा येतो.

“म्हणजे मेल्यावरही भाडेकरारच?” हे म्हणाले.

“गेनाऊ,” मुग्धा म्हणाली. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. आता तिला ‘हो’ म्हणताच येत नाही.

“मग तुमच्या वडिलांचं थडगं कुठे आहे, डीटरराव?” ह्यांनी फोल्डर उघडलं.

“नाही आता. मी मुदत वाढवली नाही. त्यांनीच सांगितलं होतं, वाढवू नकोस.”

“बरं. नाव?”

“कार्ल.”

“आणि त्यांचे वडील?”

व्याह्यांनी झारी खाली ठेवली. “योहानेस. गाव पूर्वेकडचं, डोंगरातलं. पुढे लिहा, अज्ञात.”

“अहो, पण—”

“तो माणूस बायकोला आणि मुलाला टाकून पळून गेला. माझ्या वडिलांनी त्याचं नाव घरात काढू दिलं नाही. तुमच्या पुस्तकातही नको.” आणि त्यांनी थर्मासचं झाकण इतकं घट्ट लावलं की नंतर ते आम्हा चौघांनाही उघडेना.

दुपारी मुग्धानं सगळं सांगितलं. कार्ल लहान असतानाच त्याची आई गेली आणि दूर शहरात मावशीनं त्याला वाढवलं. मावशीला बहिणीचं सासर मुळीच पसंत नव्हतं, त्यामुळे ती त्या घराविषयी चकार शब्द काढत नसे. विसाव्या वर्षी कार्ल एकटाच त्या गावी गेला. डिसेंबर होता आणि दोन गाड्यांच्या मध्ये तासभर होता. तिथले दगड जमिनीत सपाट बसवलेले, सगळ्यांवर बर्फ. कुणीतरी आईचा दगड दाखवला. त्यानं हातानं डावीकडचा दगड साफ केला, उजवीकडचा साफ केला. दोन्ही परक्या बायका. जर्मनीत नवरा-बायको शेजारी शेजारी पुरतात, हे शेंबडं पोरही सांगेल. बाप शेजारी नाही, म्हणजे बाप पळाला. तो गाडी पकडून परत आला. पुढे देशाची दोन शकलं झाली, गाव सीमेपलीकडे गेलं, आणि सीमा उठली तेव्हा कार्ल म्हातारा होऊन म्हणाला, तिथे शोधण्यासारखं काही नाही.

हे सगळं ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण मी तीस वर्षं नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसलेली बाई. संध्याकाळी व्याही पावाला लोणी लावत होते तेव्हा माझ्या तोंडून गेलंच.

“पळून गेला तरी कुठेतरी मेला असेलच ना? मेलेल्या माणसाची नोंद असते. नोंद असतेच.”

मुग्धानं मला टेबलाखाली पाय मारला. व्याही मात्र माझ्याकडे बघत राहिले.

“माझ्या वडिलांनी मला कधी उचलून घेतलं नाही, शुभा,” ते इंग्रजीत म्हणाले. “वाईट नव्हते. त्यांना ते येतच नव्हतं. मला त्या पळपुट्याचा फार राग आहे. आणि तो दुसरीकडे संसार थाटून सुखात मेला, असं निघालं तर?”

“तर तसं लिहू,” मी म्हटलं. खिडकीमागची सवय, दुसरं काय. नंतर मला त्याची लाज वाटली, पण तोवर त्यांनी गाड्यांचं वेळापत्रक काढलं होतं.

अर्धी गाडी

गुरुवारी निघालो. व्याही, हे, मी आणि रजा काढून मुग्धा. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी घेतली, व्याह्यांनी चार सफरचंदं, चार उकडलेली अंडी आणि चार कागदी रुमाल. माणशी एक. पुरी माणशी किती, असं त्यांनी विचारलं. पुऱ्या कोण मोजतं?

तिथल्या गाड्यांची एक खोड मी आधी ऐकली नव्हती. वाटेत एका स्टेशनवर गाडीचे दोन तुकडे होतात, पुढचा एका गावी जातो, मागचा भलत्याच गावी. व्याह्यांनी हे आम्हाला तीनदा सांगितलं, कागदावर आकृती काढून दाखवली. हे ‘कळलं, कळलं’ म्हणाले आणि संडास शोधत मागच्या डब्यात गेले.

स्टेशन आलं. खडाक असा आवाज झाला. खिडकीतून मला दिसलं, मागची अर्धी गाडी मजेत दुसऱ्या रुळानं वळतेय आणि तिच्या दारात माझा नवरा फोल्डर छातीशी धरून उभा आहे.

“अगं आई!” मी किंचाळले. पासपोर्ट त्याच फोल्डरमध्ये होते.

व्याही शांतपणे म्हणाले, “आमच्या घराण्यात पुरुष नाहीसे होतात. तुम्हालाही लागण झाली.” ते विनोद करतात हे मला त्या दिवशी कळलं.

हे दीड तासानं मागून आले. मी तोंड उघडायच्या आत सांगू लागले, पलीकडच्या गाडीत एक आजीबाई भेटल्या, त्यांना कुलवृत्तांत समजावून सांगितला, त्यांनी मला केक दिला. कोणत्या भाषेत समजावला हे देव जाणे. आजीबाईंच्या तीन पिढ्या फॉर्मच्या पाठीमागे लिहिलेल्या होत्या.

गावात

गावाचं नाव मी लिहीत नाही. दप्तर सांभाळणाऱ्या बाईंनी निघताना हात जोडून विनंती केली की तुमच्याकडे असे फॉर्म आणखी बऱ्याच लोकांकडे असतील, तर कृपा करा.

आधी मोठ्या चर्चच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी मृत्यूंचं रजिस्टर काढलं. काय ते अक्षर, काय त्या समासरेघा! माझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं. आमच्याकडे दर पानावर चहाचा गोल असायचा. बाईंनी बोट फिरवलं आणि मान हलवली. योहानेसही नाही, आणि बायको अन्नाही नाही.

“अन्नाचा दगड तर याच गावात आहे,” व्याही म्हणाले.

“मग ते ‘त्यांच्यातले’ असतील,” बाई म्हणाल्या आणि रस्त्याच्या टोकाकडे हात केला.

‘ते’ म्हणजे सरकारमान्य चर्च सोडून वेगळी निघालेली छोटी मंडळी. आपली प्रार्थना वेगळी, वह्या वेगळ्या, दफनभूमी वेगळी. शेकडो वर्षं एकाच गल्लीत राहून मोठ्या चर्चचे लोक अजून त्यांना ‘ते’ म्हणतात. मला एकदम माहेरच्या गल्लीत आल्यासारखं वाटलं.

त्यांचं दप्तर दोन वाजता उघडणार होतं, म्हणून डबा घेऊन आम्ही टेकडीवरच्या दफनभूमीत गेलो. मधोमध लिंडनच्या झाडांचा रस्ता, दोन्हीकडे गवतात सपाट दगड, सगळे एका मापाचे. कोण श्रीमंत, कोण गरीब, काही कळू नये असे. इथे मुदतीचं पत्र येत नाही, ठेवलेला माणूस कायमचा. ह्यांना ते फारच पसंत पडलं.

व्याही वडिलांनी सांगितलेल्या खुणेनं चालले. कुंपणापासून तिसरी रांग. अन्ना सापडली. ते तिच्यापुढे उभे राहिले आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

“पाहा. डावीकडे मार्था. उजवीकडे एलिझाबेथ. माझे वडील खोटं बोलत नव्हते.”

मुग्धानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ह्यांनीही फोल्डर मिटलं, आणि ह्यांनी आपण होऊन फोल्डर मिटलं म्हणजे प्रसंग खरंच गंभीर. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी आपली सवयीनं नावं वाचत रांगेतून चालू लागले. मार्था, फ्रीडा, एम्मा. पुढच्या रांगेत योहाना, क्लारा, आणखी एक मार्था. चाळीसेक दगड वाचले आणि माझे पाय थांबले.

“अहो,” मी ओरडले, “इथे पुरुष मरतच नाहीत का?”

“अगं, हळू!” हे दबक्या आवाजात म्हणाले. “काय बोलतेस?”

“एक तरी बाप्या दाखवा मला! सगळ्या बायका आहेत. ही बायकांची बाजू आहे!”

माझ्या माहेरी राममंदिरात कीर्तन असलं की मधोमध सतरंजीची मोकळी पट्टी असायची. या बाजूला बायका, त्या बाजूला पुरुष. नवरा-बायको बरोबर यायचे, चपला शेजारी शेजारी काढायचे, आणि आत जाऊन ती इकडे, तो तिकडे. कुणाला वाटलं का कधी, हिला नवऱ्यानं टाकलीय म्हणून?

मुग्धानं हे भराभर जर्मनमध्ये सांगितलं. व्याही मान हलवत राहिले. “आल्झो... हे पाहा, शुभा, असं नसतं. जर्मनीत नवरा-बायको एकत्र असतात.”

“‘यांच्यात’ नसतील! तुमच्यातलं सांगू नका मला. चला त्या बाजूला.”

विहिणीनं व्याह्याला दंडाला धरून ओढू नये, पण मी ओढलं. लिंडनचा रस्ता ओलांडला. पहिला दगड, फ्रीडरिश. दुसरा, हाइनरिश. सगळे पुरुष! ह्यांनी गुडघे टेकले, फोल्डरच्या कडेनं शेवाळ खरवडायला लागले. दगड मृत्यूच्या क्रमानं होते, जसं आमचं रजिस्टर, म्हणून मी अन्नाच्या सालापासून मागे मागे चालले. पाचव्या रांगेत हे म्हणाले, “डीटरराव, या.”

योहानेस. अन्नाच्या आधी दोन वर्षं गेलेला. कुठे पळून गेला नव्हता. कार्लचं अख्खं आयुष्य तो रस्त्याच्या पलीकडे पडून होता.

व्याह्यांनी दगड वाचला. पुन्हा वाचला. मग ते रडले, अगदी आवाज करून, आमच्याकडे तेराव्याला आलेले मामा रडतात तसे. खिशातला रुमाल मला कळत नाही का नुसता शोभेला ठेवतात, शेवटी ह्यांनी आपला दिला. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दप्तर

दोन वाजता दप्तराच्या फ्राउ लेमान, म्हणजे लेमानबाई, यांनी दार उघडलं. वय सत्तरीच्या पुढचं, चष्मा गळ्यात, नजर कडक. आल्या आल्या त्यांनी ह्यांचं बॉलपेन जप्त केलं. दप्तरात फक्त पेन्सिल. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

या मंडळींची एक रीत आहे. मरायच्या आधी प्रत्येकानं आपली हकीकत आपल्या हातानं लिहून ठेवायची, आणि ती पुरताना सगळ्यांसमोर वाचायची. योहानेसची चार पानं निघाली. व्याह्यांनी ती हातात घेतली आणि त्यांना एक अक्षर लागेना! जुनी लिपी, आपल्या मोडीसारखी, आजच्या जर्मनांना वाचता येत नाही. मोडीचा वर्ग केल्यामुळे ह्यांना उगाच वाटलं की आपल्याला येईल. ते पाच मिनिटं झुंजले आणि पान उलटं धरलंय हे फ्राउ लेमान यांनी दाखवल्यावर बाजूला झाले.

मग त्या वाचत गेल्या, मुग्धा माझ्या कानात सांगत गेली. योहानेस गाड्यांची चाकं करायचा. छातीच्या दुखण्यानं बायको-मुलासमोर अंथरुणाला खिळला. शेवटच्या पानावर अक्षर वाकडं झालं होतं.

“चाकं मला चांगली करता येतात, बाकी फारसं काही येत नाही. कार्ल तीन वर्षांचा आहे. माझ्या बुटांत पाय घालून घरभर फिरतो आणि पडतो. त्याला मी आठवणार नाही. म्हणून लिहून ठेवतो की मला तो फार आवडत होता.”

फ्राउ लेमान यांनी चष्मा पुसला आणि दुसरी वही उघडली. मंडळीतल्या मुलांची नोंद. कार्ल, आईच्या मृत्यूनंतर मावशीकडे गेला. त्यापुढचा रकाना मोकळा.

“पुढे त्याचं काय झालं, आम्हाला कधी कळलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला माहीत असेल तर लिहा. चिठ्ठी लावून ठेवते.”

मोकळा रकाना म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. ती वही शंभर वर्षं त्या पोराची वाट बघत होती. व्याह्यांनी पेन्सिल घेतली आणि बराच वेळ लावून दोन-तीनच ओळी लिहिल्या.

परतीच्या गाडीत दोघे व्याही पुढच्या डब्यात एकमेकांना चिकटून बसले. तुकडे होण्याचं स्टेशन आलं तेव्हा डीटररावांनी ह्यांची बाही धरून ठेवली होती. गाडी सुटल्यावर हे फॉर्म भरायला लागले. आजोबा कार्ल, पणजोबा योहानेस, मूळ गाव, धंदा चाकं करण्याचा. गोत्र म्हणजे काय, हे व्याह्यांना समजावायला तीन स्टेशनं गेली, आणि ‘मग मीपण कश्यप’ हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

“शेरा काय लिहू, डीटरराव?”

“तिथे लिहिलं तेच.”

मुग्धानं ह्यांना मराठीत सांगितलं, ह्यांनी उतरवून घेतलं.

पुण्याला आल्यावर आठवड्याभरात भाऊकाकांचा फोन. मी जवळच बसले होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं. “अहो, बाकी उत्तम, पण शेऱ्यात हे काय? शेऱ्यात पदवी लिहितात, पारितोषिक लिहितात. हे काढून टाकतो.”

हे भाऊकाकांपुढे चाळीस वर्षांत मोठ्यानं खोकलेसुद्धा नाहीत. उभे राहिले. “भाऊकाका, एक अक्षर काढायचं नाही. काढलंत तर माझं पान काढा.” आणि फोन ठेवून दिला. मग घाबरून पाणी प्यायले.

परवा छपाईचं कच्चं पान आलं. मुग्धा, लुकास, मीरा, तीन पिढ्या, आणि खाली बारीक टाइपात शेरा: ‘कार्ल एकदा इथे आला होता. बर्फ पडलं होतं. त्यानं वडिलांना चुकीच्या बाजूला शोधलं.’